सूर्य की ट्रॅक्टर

सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. स्टाफरूममध्ये रिकामी खुर्ची बघून मी बसले, पर्स टेबलावर ठेवली, तर पलीकडचे गृहस्थ दचकून उभेच राहिले.

"मॅडम, तुमच्या पर्सला चुंबकाचं बटण आहे का?"

मी पर्स उघडून बंद केली. खट् असा आवाज झाला. "हो, आहे."

"मग कृपा करून ती त्या टेबलावर ठेवा. किंवा तुम्हीच त्या टेबलावर बसा."

मी निमूटपणे पर्स उचलून लांब ठेवली. त्यांच्या पुढ्यात एक साधं होकायंत्र होतं, प्रयोगशाळेतलं. माझ्या पर्समुळे त्याची सुई हलली होती. ती थांबेपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. थांबली तेव्हा म्हणाले, "हं. आता बोला. केमिस्ट्री का?"

बारामतीहून रोज एसटीनं जाऊन कळंबजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी काही वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. सर तिथं भौतिकशास्त्र शिकवायचे. आता माझी नोकरी बारामतीतच आहे, रोजचा प्रवास सुटला, सरांची भेटही क्वचित होते. पण त्या कॉलेजातल्या माणसांबद्दल बोलायची वेळ आली की बाकीचे सगळे मला नीट सांगता येतात आणि सरांपाशी मी अडखळते. हा माणूस हुशार होता की भाबडा, खरा होता की स्वतःलाच फसवणारा, बायकोचं त्यांनी भलं केलं की वाईट, यातलं काहीच मला धड ठरवता आलेलं नाही. जे पाहिलं ते सांगते.

सर पट्टा लावत नसत. पँटला आतून नाडी. हातात घड्याळ नाही. चपला रबरी, बिनबकलाच्या. चष्म्याची फ्रेम प्लास्टिकची, आणि तिचे बारीक स्क्रू काढून तिथं दोरा ओवलेला. खिशाला पेनाऐवजी पेन्सिल. मुलं मागून त्यांना 'नाडी सर' म्हणायची आणि सरांना ते माहीत होतं. "बरोबरच आहे," ते म्हणायचे, "निरीक्षण चांगलं आहे पोरांचं."

या सगळ्याचं कारण वरकुट्याला त्यांच्या घरी होतं. घराच्या मागच्या अंगाला जाड मातीच्या भिंतींची एक जुनी, बिनखिडकीची खोली होती, पूर्वी बियाणं ठेवायची. तिच्यातला खिळा न् खिळा सरांनी उपटून काढला होता. आत लोणच्याच्या काचेच्या बरणीत रेशमाच्या धाग्यानं एक छोटा चुंबक टांगलेला, आणि चुंबकाला आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवलेला. एका बाजूनं बॅटरीचा उजेड त्या आरशावर पडायचा आणि तिथून उलटून समोरच्या भिंतीवर एक ठिपका उमटायचा. चुंबक केसभर वळला तरी भिंतीवरचा ठिपका चांगला दिसण्याइतका सरकायचा. पृथ्वीच्या चुंबकत्वात काही खळबळ झाली तर ती इथं, वरकुट्याच्या भिंतीवर दिसावी, अशी ती सगळी योजना. आपण अंगावर लोखंड घेऊन आत गेलो तर ठिपका आपल्यालाच भुलायचा, म्हणून ती नाडी आणि तो दोरा.

खळबळ कशानं होते, हे सर वर्गात फार सुंदर सांगायचे. माझा तास नसला की मी मागच्या बाकावर जाऊन बसायची.

"सूर्य आपल्याला नुसता उजेड देत नाही," ते म्हणायचे. "त्याच्या अंगावरून सतत एक वारा सुटलेला असतो. आपल्या इथल्यासारखी हवा नव्हे. विजेचा भार असलेले कण. उजेड आपल्याकडं आठेक मिनिटांत येतो, हा वारा मात्र दोन-चार दिवस चालत असतो. आणि पृथ्वी म्हणजे एक मोठं चुंबक. तिच्याभोवती तिच्या चुंबकत्वाचा तंबू आहे. वारा त्या तंबूवर आपटतो आणि बाजूनं निघून जातो. रोज. आत्तासुद्धा."

एकदा एका मुलीनं विचारलं, "मग सर, वारा जोराचा असला की वादळ होतं का?"

सर इतके खूश झाले की त्यांच्या हातातला खडू खाली पडला. "नाही! इथंच सगळे चुकतात. नुसता जोर असून भागत नाही. हा वारा येताना स्वतःचं चुंबकत्व बरोबर घेऊन येतो. त्याची दिशा उत्तरेची असली तर आपलं दार बहुतेक बंदच राहतं, किती का आपटेना. दक्षिणेची असली, म्हणजे आपल्या उलट, की कडी निघते. मग तो आत शिरतो. मग इकडं सुया हलतात, उपग्रहांचे संदेश अडखळतात, ध्रुवाकडं आकाश रंगतं."

पोरांनी घरी जाऊन यातलं 'दक्षिण' तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील स्टाफरूमच्या दारात उभे.

"सर, आमच्या घराचं दार दक्षिणेला हाय. बदलू का?"

सरांनी त्यांना खुर्ची दिली, कागदावर पृथ्वी काढली, तंबू काढला, बाण काढले. बराच वेळ समजावलं. गृहस्थांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "ते समदं कळलं. पण दार बदलू का, तेवढं सांगा."

"नका बदलू. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

त्या गृहस्थांनी दार बदललंच. आणि सरांनी सांगितलं म्हणून बदललं, असं गावभर सांगितलं. सर हे ऐकून दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते ते मला आठवतं.

त्यांच्या तोंडी दोन वाक्यं कायम असायची. एक, "आत्ता तरी माहीत नाही." हे उत्तर ते प्राचार्यांपासून शिपायापर्यंत कुणालाही द्यायचे. दुसरं वाक्य होतं, "सूर्य की ट्रॅक्टर?" भिंतीवरचा ठिपका हलला की सर आधी अंगणात जाऊन बघायचे. रस्त्यानं एखादा ट्रॅक्टर गेला तरी ठिपका तितकाच सरकतो, जितका सूर्याच्या वाऱ्यानं. लोखंडाचं ते धूड जवळून जातं, चुंबक वळतो. तेव्हा आधी ट्रॅक्टर नव्हता याची खात्री करायची, मगच सूर्याचं नाव घ्यायचं. हा त्यांचा नियम त्यांनी जगातल्या सगळ्याच गोष्टींना लावला होता. एकदा माझ्या तासाला मुलं सारखी हसत होती. मी रडवेली होऊन स्टाफरूममध्ये आले. म्हटलं, मला शिकवता येत नाही, सर. त्यांनी विचारलं, "सूर्य की ट्रॅक्टर?" आणि उठून वर्गाकडं चालते झाले. परत आले ते सांगत, की माझ्या पाठीमागं खिडकीत एक शेळी पुढचे पाय टेकून उभी राहते आणि फळ्याकडं बघते. "आधी जवळचं कारण बघावं, मॅडम."

असा हा माणूस. 'कदाचित'चा 'नक्की' कधीही न करणारा. त्यांच्या शेजारी तात्या म्हणून डाळिंबवाले होते. बागेवर फवारणीला त्यांनी ड्रोन सांगितला आणि आदल्या दिवशी सरांकडं आले. मी तेव्हा तिथंच होते.

"मास्तर, उद्या ड्रोन येणार हाय. तुमचं वारं काय म्हणतंय? उडवू का?"

"परवा सूर्यावर मोठा स्फोट झालाय असं दिसतंय. त्याचं वारं उद्यापर्यंत पोचलं, आन् त्याची दिशा दक्षिणेची असली, तर ड्रोनची जागा थोडी चुकू शकंल. कदाचित."

"कदाचित म्हंजे व्हय का न्हाय?"

"कदाचित म्हंजे कदाचित, तात्या."

"आवं, पण मी ड्रोनवाल्याला काय सांगू?"

"सांगा, आत्ता तरी माहीत न्हाय."

दुसऱ्या दिवशी ड्रोननं तात्यांचं औषध शेजारच्याच्या कोथिंबिरीवर फवारलं. सर दिवसभर भिंतीपुढं बसून होते, ठिपका जागचा हलला नव्हता. संध्याकाळी ड्रोनवाल्यानंच कबूल केलं, की शेताची हद्द त्यानं मशिनमध्ये चुकीची भरली होती. सरांनी हे प्रत्येकाला थांबवून थांबवून सांगितलं. तात्या म्हणाले, "मास्तरांना मोठेपणा घ्यायचा न्हाय म्हणून आसं बोलत्यात." त्यानंतर लोक लांबलांबून विचारायला येऊ लागले.

हे सगळं मी सांगतेय ते एवढ्यासाठी, की पुढचं ऐकताना तुमचाही माझ्यासारखाच गोंधळ व्हावा.

वरकुट्याला मी अधूनमधून जायची. कॉलेज लवकर सुटलं की सर म्हणायचे, चला, ठिपका बघायला. फाट्यापासून घरापर्यंत चालायचं, कारण मोटारसायकल घराजवळ आणायची नाही. फाटकापाशी एक वेताची टोपली टांगलेली, तिच्यात मोबाईल, किल्ल्या, हातातलं घड्याळ टाकायचं. सरांचे धाकटे भाऊ, आबा, शेती बघायचे. ढोबळी मिरची, टोमॅटो, कधी काकडी. त्यांचा ट्रॅक्टर आणि सरांचा ठिपका यांचं वैर होतं. "सूर्य तिकडं, ट्रॅक्टर हितं," आबा म्हणायचे, "आन् हलायचं कुणी, तर ट्रॅक्टरनं!" पण दादा म्हणाला की ते ट्रॅक्टर हलवायचेच.

घरात सरांची आई होती, मी तिला आजी म्हणायची. आजी रोज सकाळी उगवत्या सूर्याला तांब्याभर पाणी द्यायची. आणि सरांच्या बायको, वहिनी. वहिनी मला पहिल्या भेटीपासून आवडल्या. मोजकं बोलायच्या, हात कायम कामात. त्यांचं डोकं दुखायचं. साधं दुखणं नव्हे. कपाळाची एक बाजू, डोळ्याच्या वर, उलट्या होईपर्यंत. वर्षानुवर्षं. इंदापूरच्या एका डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. पुण्याला नेऊन डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही.

भाजीपाल्याच्या घरात एक दिवसाआड तोडा असतो, शेतातला तयार माल खुडायचा. दुपारी सुनेनं आडवं व्हायचं ही गोष्ट त्या घरानं पाहिलेलीच नव्हती. आजी दुष्ट नव्हती. ती स्वतः जन्मात कधी दिवसा आडवी झाली नव्हती, एवढंच. "फोटोत काय न्हाय म्हणल्यावर दुखतंय कुठनं?" असं ती अगदी सरळ मनानं विचारायची.

एक दिवस सर घरात म्हणाले, "आई, आज सूर्याचं वारं हाय. हिला त्याचा त्रास हुतो. पडू दे हिला."

आजीनं क्षणभरही वाद घातला नाही. "देवाचं हाय म्हणल्यावर पडू दे बाई."

तेव्हापासून वाऱ्याच्या दिवशी वहिनी ठिपक्याच्या खोलीत जाऊन चटईवर पडायच्या. थंडगार, अंधारी, शांत खोली. बहुतेक वेळा झोप लागायची आणि उठल्यावर बरं वाटायचं. मग आजी म्हणायची, "वारं गेलं वाटतं."

मी एकदा सरांना स्टाफरूममध्ये विचारलं. "सर, या वाऱ्यानं माणसाचं डोकं दुखतं, याला पुरावा आहे का?"

"खात्रीचा म्हणावा असा नाही."

"पण घरी तुम्ही तसं सांगता."

"सांगतो."

आणि ते पेन्सिलीला टोक काढू लागले. टोक होतंच.

दुसऱ्या एका खेपेला मी गेले तर वहिनी खोलीत पडलेल्या. सर म्हणाले, आज वारं आहे. मी दारातून डोकावले. ठिपका मधल्या रेघेवर अगदी स्वस्थ बसला होता.

"सर, हा तर जागेवर आहे."

"सकाळी हलला होता," सर म्हणाले. ते मला टाळत नव्हते. सरळ माझ्याकडं बघून बोलत होते. मी एसटीत बसून विचार करत राहिले, की तात्यांना एक 'व्हय' न देणारा हा माणूस घरी रोज उठून 'व्हय' कसा म्हणतो?

मग तो मे महिन्यातला दिवस आला. इंटरनेटवर इशारे आले होते, फार मोठं चुंबकीय वादळ येतंय म्हणून. कॉलेजला सुट्टी होती. सकाळीच सरांचा फोन आला.

"मॅडम, या. रात्रीपासून ठिपका जागेवर नाही. बघायला दुसरं कुणीतरी पाहिजे. मी एकट्यानंच बघितलं तर माझा माझ्यावर विश्वास बसायचा नाही."

मी पोचले तेव्हा आबा ट्रॅक्टर घेऊन फाट्यावर उभे होते. "सूर्यासाठी हाकलून दिलंय मला," म्हणाले. "बगा, कवा परत बोलावत्यात."

खोलीत मी आणि सर भिंतीपुढं मांडी घालून बसलो. रोज ठिपका सकाळी किंचित एकीकडं आणि दुपारनंतर किंचित दुसरीकडं सरकतो, ती त्याची नेहमीची चाल मला पाठ होती. आज तो ती चाल विसरला होता. थरथरायचा, सरकायचा, भिंतीवरच्या पेन्सिलीच्या हद्दीबाहेर जाऊन थांबायचा, पुन्हा मागं यायचा. बाहेर रस्ता मोकळा, मोटार नाही, मशीन नाही. एवढ्या लांबून आलेला वारा आणि त्याच्यानं लोणच्याच्या बरणीत हलणारा आरशाचा तुकडा. सरांचे डोळे भरून आले होते. "सूर्य," ते पुटपुटत होते, "हा सूर्यच आहे."

दुपारी आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन अंगावर फुटत होतं. आणि त्या उन्हात वहिनी मिरचीच्या शेतातून डोक्यावर क्रेट घेऊन येत होत्या. सकाळपासून तोडत होत्या. बारामतीच्या मार्केटला माल जायचा होता.

आजी ओसरीवरून ओरडली, "अगं, आज एवढं वारं हाय म्हणं, आन् तू हितं काय करतीस?"

"मला काय हुईना आज," वहिनी हसून म्हणाल्या. "उलट हलकं वाटतंय."

सरांच्या चेहऱ्यावरचा आनंद तसाच राहिला, पण जसं काही कुणीतरी तो काढायला विसरलं होतं. ते एकदा वहिनींकडं बघत, एकदा खोलीकडं.

चहा झाला. मी फाटकाजवळच्या टोपलीतून मोबाईल घेऊन आले होते. लडाखमध्ये रात्री आकाश तांबडं झालं होतं, परदेशात हिरवं, जांभळं, त्याचे फोटो सगळीकडं फिरत होते. सरांनी ते आजीला दाखवले. आजीनं हात जोडले. वहिनींनी फोटो जवळून बघितला.

"आसले रंग मला दिसत्यात," त्या म्हणाल्या.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"दिव्याभवती. डोकं दुखायला लागलं की. कडं पडतं, इंद्रधनुष्यासारखं."

"दिव्याभवती?"

"व्हय. सांगितलं की मी तुमाला मागं. तुमी म्हणला, वाऱ्याचं आसंल."

आपण असं म्हणालो होतो का, हे सर आठवत होते की आठवायचं टाळत होते, मला कळलं नाही. पण प्रकाश हा त्यांनी आयुष्यभर शिकवलेला विषय. दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला काय व्हावं लागतं, आणि ते आकाशात नाही तर डोळ्यात व्हावं लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला. "उद्याच बारामतीला जाऊ," म्हणाले.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर होते. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. वहिनींचे डोळे त्यांनी बराच वेळ तपासले आणि मग आम्हाला समोर बसवलं.

"डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि कोपऱ्यातल्या एका बारीक वाटेनं बाहेर पडतं. यांची ती वाट मुळात अरुंद आहे. अंधारात बाहुली मोठी होते, तेव्हा ती वाट बंद पडते. डोळ्यातला दाब चढतो. मग डोकं दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंग दिसतात. उन्हात बाहुली बारीक असते, म्हणून तेव्हा त्रास नाही."

"आणि झोप लागली तर?" सरांनी विचारलं.

"झोपेत बाहुली बारीकच असते. बऱ्याच जणांना झोपून उठल्यावर बरं वाटतं."

सर वर्गात विचारावं तसं एकेक शब्द वेगळा करून म्हणाले, "म्हणजे अंधाऱ्या खोलीत जाऊन पडणं, हे चांगलं की वाईट?"

डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, "झोप लगेच लागायची का?"

"कदी लगेच," वहिनी म्हणाल्या. "कदी लई येळ नुसतीच पडून असायची. डोळं उघडं ठिवून. त्यो ठिपका बघत."

डॉक्टरांनी सरांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, उजव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली आहे, ती परत येणार नाही. लेझरनं बुबुळाला एक बारीक छिद्र पाडू, दोन्ही डोळ्यांना. मग वाट बंद पडणार नाही आणि उरलेली नजर टिकेल.

वहिनींना आत नेलं. सर बाहेरच्या बाकावर बसले. समोर चिक्कार माणसं, पाटीवर नंबर बदलत होते. मला वाटलं ते रडतील. ते बोलायला लागले.

"पहिल्यांदा मी तिचा चेहरा बघूनच सांगितलं होतं, मॅडम. आईनं ऐकावं म्हणून. ते खोटं होतं, आणि मला माहीत होतं की ते खोटं आहे. पण पुढं पुढं असं व्हायला लागलं, की सकाळी तिचा चेहरा बघायचा, मग खोलीत जायचं, आणि ठिपका हललेला असायचा. खरंच असायचा. मी डोळ्यांनी बघितलाय."

"सर, ट्रॅक्टर?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "त्या दिवसांत मी अंगणात जाऊन बघायचं सोडून दिलं होतं."

मी पाटीवरचे नंबर बघत राहिले.

वहिनी बाहेर आल्या. दोन्ही डोळे लाल, रुमालानं टिपत. त्या सरांच्या शेजारी बसल्या. सर म्हणाले, "माझ्यामुळं डोळा गेला तुझा."

"थोडा गेला," वहिनी म्हणाल्या. "आन् तुमी तसं म्हणला नसता, तर मला कुणी पडू दिलं असतं का? बसल्या जागी उलट्या करत मिरच्या तोडल्या असत्या मी. त्या खोलीत तेवढा तरी इसावा मिळत व्हता."

सरांना जरा धीर आल्यासारखं दिसलं. पण वहिनींचं बोलणं संपलं नव्हतं.

"आईस्नी खोटं सांगितलं, ते बरं केलं. मला कशाला सांगितलं? मला खरं वाटलं व्हतं सगळं. मी देवाला म्हणायची, बाबा, तुझं वारं माझ्यावरच का सोडतोस?"

त्यानंतर एसटीत बसेपर्यंत त्या सरांशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या, भाजीचे भाव, माझ्या आईची तब्येत. सर दोन पावलं मागून चालत होते. एसटी सुटली तेव्हा ते एकाच बाकावर बसलेले मी पाहिले. दोघांच्या मध्ये पिशवी.

दिवाळीनंतर मी वरकुट्याला गेले. फाटकाची टोपली काढलेली होती, अंगणात ट्रॅक्टर राजरोस उभा होता. मातीच्या खोलीला सरांनी एक मोठी खिडकी पाडून घेतली होती. आत लख्ख ऊन. बरणी तिथंच होती, चुंबकही लटकत होता, पण एवढ्या उजेडात भिंतीवर काही दिसायचा प्रश्नच नव्हता. "हलत असेल," सर म्हणाले. "आपल्याला दिसत नाही म्हणून काय झालं?" त्यांच्या बोलण्यात दुःख होतं की सुटका, ते मला सांगता येणार नाही.

वहिनींचं डोकं दुखायचं पूर्ण थांबलं होतं. उजव्या बाजूनं कुणी आलं की त्या मान वळवून बघायच्या, एवढाच फरक. आजी खूश होती. "लेजर का काय केलं, आन् पोरगी बरी झाली बग. आता काय वारं न्हाय न् काय न्हाय." टोमॅटोचा हंगाम भरात होता, रोज तोडा. बऱ्या झालेल्या माणसाला पडायचं कारण उरलं नव्हतं.

जेवणं झाली. वहिनी सकाळच्या तोड्यावरून उशिरा आल्या होत्या, दोन घास खाऊन ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे नुसत्या टेकल्या होत्या. क्रेट पुन्हा भरायचे होते. आबांनी शेतातून हाक मारली. त्या उठल्या नाहीत. दुसऱ्यांदा हाक आली. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसल्या.

सर त्यांच्याकडं बघत होते. मग ते आत आजीकडं गेले. मी दारातच होते.

"आई, ती आता जरा पडणार हाय."

आजी घाबरी झाली. "का रं? परत दुखाय लागलं? डोळं?"

"न्हाय. काय दुखत न्हाय."

"मग? वारं सुटलंय व्हय?"

सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मला क्षणभर वाटलं, आता हे हो म्हणतील. फार सोपं होतं ते. सगळ्यांना सवयही होती.

"वारं न्हाय," सर म्हणाले. "कायबी झालेलं न्हाय तिला. दमलीय."

"दमलीय म्हंजे?"

"दमलीय म्हंजे दमलीय, आई. तोड्याला मी जातो."

आजीला हे कळायला वेळ लागला. ती एकदा लेकाकडं, एकदा बाहेर पायरीकडं बघत राहिली. आजाराशिवाय, देवाशिवाय, कशाशिवायच माणूस दुपारी आडवं होतं, ही गोष्ट ती मनातल्या मनात उलटी-सुलटी करून बघत असावी. वहिनी आत आल्या. अवघडून भिंतीकडेला चटई टाकली आणि पडल्या. डोळे उघडेच होते.

आजी हळूहळू उठली. कोपऱ्यातली घोंगडी ओढून तिनं वहिनींच्या शेजारी पसरली.

"मग मी बी पडते जरा," ती म्हणाली.

आणि हात उशाला घेऊन ती खरंच आडवी झाली. सर उभेच होते. बाहेरून आबांची तिसरी हाक आली. सरांनी चपला घातल्या आणि शेताकडं निघाले. मीही ओढणी खोचून त्यांच्यामागून गेले.